पडद्यावरचं घोडामैदान

संगणकावरच्या घोड्यांच्या खेळांची दोन घराणी आहेत. पहिल्यात खेळणारा स्वतः खोगिरावर असतो. कळा दाबून घोडा पळवतो, अडथळे ओलांडतो, आपटला तर पुन्हा उठतो. दुसऱ्यात तो तबेल्याचा मालक असतो. कोणती घोडी कोणत्या घोड्याला दाखवायची ते ठरवायचं, शिंगरू वाढवायचं, त्याच्याकडून सराव करून घ्यायचा, स्पर्धेत नाव नोंदवायचं आणि मग हाताची घडी घालून बसायचं. शर्यत संगणक लावतो, निकालही तोच सांगतो. लगाम सहसा खेळणाऱ्याच्या हातात येतच नाही.

हा आढावा या दुसऱ्या घराण्याचा आहे. लगाम हातात नसताना जिंकायचं कशाच्या जोरावर, हा त्यातला मूळ प्रश्न. रक्ताच्या, मेहनतीच्या, नशिबाच्या की खिशाच्या? गेल्या साडेतीन दशकांत खेळ बनवणाऱ्यांनी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं दिली आणि खेळणाऱ्यांनी प्रत्येक उत्तराबद्दल तक्रार केली. भांडण वरवर निकालावरून असतं. पण जिंकून नेमकं मिळतं काय, हे पाहिल्याशिवाय त्याचा उलगडा होत नाही, असं मला वाटतं. म्हणून पुढच्या मांडणीत निकालाइतकंच बक्षिसाकडेही लक्ष दिलं आहे.

शर्यत ही आधी परीक्षा होती

सुरुवात खऱ्या मैदानावरून करावी लागते, कारण खेळांनी बहुतेक गोष्टी तिथूनच उचलल्या. थरोब्रेड ही जात इंग्लंडमध्ये घडली ती बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या बाहेरून आणलेल्या तीन घोड्यांपासून. आजच्या प्रत्येक थरोब्रेडची बापाकडून चालत आलेली वंशरेषा या तिघांपैकी एकाला जाऊन मिळते. एप्समची डर्बी 1780 पासून पळते आहे. वंशावळींचं अधिकृत बाड, जनरल स्टड बुक, पहिल्यांदा निघालं 1791 मध्ये. डर्बीत तीन वर्षांचे घोडे आणि घोड्या पळतात, खच्ची केलेल्या घोड्याला प्रवेश नाही. ज्याच्यापासून पुढे पैदास व्हायची नाही, तो कितीही वेगवान असला तरी त्याची परीक्षा घेऊन करायचं काय, असा साधा हिशेब. शर्यतीला बक्षिसं होती, सट्टा तर होताच. पण पैदास करणाऱ्यांच्या लेखी ती चाळण होती. पुढच्या पिढीचे आईबाप त्या चाळणीतून निवडून निघायचे.

चाळणीची एक अडचण असते. सरस घोडा पुन्हा पुन्हा जिंकतो आणि बाकीच्यांना मैदानावर यायला कारण उरत नाही. त्यावर हँडिकॅपचा उपाय निघाला : वरचढ घोड्याच्या पाठीवर जादा वजन, दुबळ्याच्या पाठीवर कमी, म्हणजे शेवटच्या फर्लांगात सगळे एकमेकांना भिडावेत. अ‍ॅडमिरल हेन्री राउस 1855 मध्ये इंग्लंडचा अधिकृत हँडिकॅपर झाला आणि त्याने या हिशेबाला शिस्त लावली. महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर नेमाने जाणाऱ्याला हे दोन्ही प्रकार तोंडपाठ असतात. 1943 मध्ये सुरू झालेली इंडियन डर्बी 2400 मीटरची, चार वर्षांच्या घोड्यांची, जो सरस तो जिंकेल अशी. इतर दिवशीच्या बऱ्याचशा रेसेस मात्र रेटिंगप्रमाणे वर्ग पाडलेल्या आणि वजनं लावलेल्या. पहिल्या प्रकारातून उत्तम कोण ते कळतं, दुसऱ्यात प्रत्येक मालकाला आशा असते.

आभासी खेळांना ही दोन्ही कामं बहुधा एकाच शर्यतीकडून करून घ्यायची असतात. घोडं पेंड खातं ते इथे.

कॅसेटपासून ब्लॉकचेनपर्यंत

या घराण्याचा पाया जपानमध्ये घातला गेला. 1991 मध्ये आस्की या कंपनीने निंटेंडोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी ‘डर्बी स्टॅलियन’ काढला. त्यात खेळणारा छोट्या स्टड फार्मचा मालक. जपानी पैदासकारांमध्ये रक्ताच्या एका प्रमाणाला जवळजवळ मंत्राची प्रतिष्ठा आहे : एकच नामवंत पूर्वज शिंगराच्या एका बाजूला तिसऱ्या पिढीत आणि दुसऱ्या बाजूला चौथ्या पिढीत आला, तर त्याचा वाटा 12.5 अधिक 6.25, म्हणजे 18.75 टक्के होतो. असल्या जुळण्या शोधत वंशावळी चाळणं हाच या खेळाचा नाद. इंटरनेट घरोघरी नव्हतं तेव्हा आपला घोडा सांकेतिक अक्षरांच्या ओळीत बांधायचा आणि ती ओळ मित्राच्या यंत्रात भरून दोघांचे घोडे एकत्र पळवायचे, अशीही सोय पुढे या मालिकेत आली. स्पर्धा म्हणजे वंशावळीची वंशावळीशी गाठ, ही कल्पना इथेच रुजली.

1999 मध्ये सेगाने ‘डर्बी ओनर्स क्लब’ खेळघरांत आणला. तिथे घोडा चुंबकीय कार्डावर साठवला जायचा. कार्ड खिशात घालून माणूस घरी जायचा आणि पुढच्या खेपेला तोच घोडा मोठ्या पडद्यावर अनोळखी लोकांच्या घोड्यांविरुद्ध उतरवायचा.

2005 मध्ये फ्रान्सच्या ओवलियंट कंपनीने ‘हाऊर्स’ सुरू केला. साध्या ब्राउझरवर चालणारा, फुकट, रोज थोडा वेळ मागणारा. 2011 मध्ये युबिसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. 2019 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हर्च्युअली ह्यूमन स्टुडिओचा ‘झेड रन’ आला, ज्यात घोडा ब्लॉकचेनवर नोंदलेली मालमत्ता झाला आणि शर्यतीत उतरायला खरे पैसे लागू लागले. फेब्रुवारी 2021 मध्ये जपानच्या सायगेम्सचा ‘उमामुसुमे’ निघाला. त्यात खऱ्या नामवंत रेसच्या घोड्यांना मुलींचं रूप दिलेलं आहे. जून 2025 मध्ये तो इंग्रजीतही आला. शेवटच्या खेळात रूढ अर्थाने पैदास नाही, पण गुणांचा वारसा आहे आणि स्पर्धेचा प्रश्न तोच आहे, म्हणून तोही या यादीत.

हाऊर्समधली एक घोडी

स्पर्धा चालते कशी हे समजून घ्यायला हाऊर्स सर्वांत सोयीचा, कारण त्याचे भाग सुटे करून पाहता येतात.

प्रत्येक घोड्याला सहा गुण असतात : दम, वेग, ड्रेसाज, चौखूर धाव, दुडकी आणि उडी. प्रत्येक गुण कुठवर वाढू शकेल याची जन्मजात मर्यादा ठरलेली असते आणि त्या सगळ्या मर्यादांची बेरीज म्हणजे घोड्याचं जेनेटिक पोटेन्शियल; खेळणारे त्याला नुसतं जीपी म्हणतात. वयात आल्यावर घोड्याची शैली निवडावी लागते, क्लासिकल किंवा वेस्टर्न, आणि खोगीर-लगामही त्याच शैलीचा घ्यावा लागतो. क्लासिकलमध्ये दुडकीची शर्यत, चौखूर शर्यत, ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि शो जंपिंग. वेस्टर्नमध्ये बॅरल रेसिंग, कटिंग, ट्रेल क्लास, रेनिंग आणि वेस्टर्न प्लेझर. प्रत्येक स्पर्धा सहापैकी तीनच गुण तपासते.

समजा एका घोडीची उडी चांगली, दम चांगला, ड्रेसाज बरा, पण वेग बेताचा आहे. नवखा खेळाडू उडी पाहून तिला शो जंपिंगला घालतो. शो जंपिंग मागते उडी, ड्रेसाज आणि वेग. तिसऱ्या गुणावर, म्हणजे वेगावर, ती कोसळते. हीच घोडी क्रॉस-कंट्रीला घातली, जिथे दम, ड्रेसाज आणि उडी बघतात, तर तिचे तिन्ही जमेचे गुण मोजले जातात आणि वेगाबद्दल कोणी विचारत नाही. तिचा दिवस असा जातो : खरारा, पाणी, चारा, ओट्स, मग फेरफटका किंवा सराव. फेरफटका, सराव आणि स्पर्धा यांनी ऊर्जेची पट्टी खाली येते. सराव फार करून घेतला तर स्पर्धेपुरती ऊर्जा उरत नाही; स्पर्धांत फार उतरवली तर सराव मागे पडतो. रात्री तिला झोपवलं की ती दोन महिन्यांनी मोठी होते. म्हणजे जन्मलेल्या शिंगराचं वय दहा वर्षं व्हायला साठ दिवस लागतात.

दहा वर्षांचा आकडा महत्त्वाचा आहे, कारण इथे ब्लप येतो. उणे 100 ते 100 अशा पट्टीवरचा हा आकडा प्रत्येक घोड्याच्या नावापुढे असतो. तो शंभरावर न्यायचा तर घोडा दहा वर्षांचा हवा, त्याचा सराव पूर्ण हवा आणि नावावर वीस विजय हवेत. आईबाप दोघांचे ब्लप शंभरावर असले की शिंगराचं जीपी त्यांच्याहून थोडं वर सरकतं. त्या ‘थोडं वर’साठी सगळा खटाटोप.

ब्लप हे खेळाने बनवलेलं नाव नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स हेंडरसन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात गुरांच्या पैदाशीसाठी ही संख्याशास्त्रीय पद्धत विकसित केली : जनावराच्या आणि त्याच्या नात्यातल्या जनावरांच्या नोंदींवरून त्याच्या रक्ताची किंमत अंदाजायची. दुधाळ गाईंसाठी वळू निवडताना ती जगभर वापरली गेली. फ्रान्समध्ये उडीच्या घोड्यांना तिच्यावर बेतलेला अधिकृत निर्देशांक दिला जातो. फ्रेंच खेळात हे नाव यावं यात नवल नाही. मात्र खेळाने त्याचा अर्थ पार फिरवला आहे. खऱ्या ब्लपमध्ये जनावर रक्तात काय घेऊन आलं आहे याचा अंदाज असतो. शर्यत जिंकल्याने अंदाज सुधारतो, रक्त जसंच्या तसं राहतं. हाऊर्समध्ये ब्लप कमवावा लागतो आणि कमावलेला ब्लप शिंगराच्या रक्तात उतरतो. आईने केलेला सराव आणि जिंकलेल्या स्पर्धा मुलाला जन्मतः उपयोगी पडतात. डार्विनपेक्षा, कमावलेले गुण वारशात उतरतात असं मानणारा लामार्क इथे अधिक खूश झाला असता.

यातून स्पर्धेचं स्वरूपच बदलतं. वीस विजय हा उंबरठा आहे. एकविसाव्या विजयाने ब्लपमध्ये भर पडत नाही. बहुसंख्य पैदासकारांसाठी स्पर्धा म्हणजे प्रमाणपत्र मिळवण्याची खिडकी होऊन बसते. मग हुशारी लागते ती स्पर्धा निवडण्यात : कुठे दुबळे घोडे उतरले आहेत, कोणत्या प्रकारात गर्दी कमी आहे, कोणत्या वेळी बडी मंडळी फिरकत नाहीत.

रक्ताच्या बाजूने

निकाल मुख्यतः गुणांच्या बेरजेने ठरावा, असं मानणारा गट जुना आहे आणि त्याचं म्हणणं तर्काला धरून आहे. लगाम हातात नसलेल्या खेळात कौशल्य दाखवायची एकच जागा उरते, ती म्हणजे पैदास. चार पिढ्या आधी कोणती मादी राखायची, कोणता गुण सोडून द्यायचा, कोणत्या स्पर्धेसाठी वंश घडवायचा हे ज्याने नीट योजलं त्याचं शिंगरू फाशाच्या एका दानाने हरत असेल, तर योजना करायचीच कशाला? या गटाला शर्यतीत चुरस नसली तरी चालते. त्यांची चुरस घोडी गाभण राहण्याआधीच होऊन गेलेली असते.

खऱ्या घोड्यांचा दाखला मात्र या गटाला फारसा साथ देत नाही. गॅफ्नी आणि कनिंगहॅम या संशोधकांनी 1988 मध्ये ‘नेचर’मध्ये थरोब्रेडांच्या टाइमफॉर्म रेटिंगचा अभ्यास मांडला, त्यांच्या हिशेबाने घोड्याघोड्यांतल्या फरकापैकी साधारण एक तृतीयांश वारशातून येतो. 2008 मध्ये विल्सन आणि रॅम्बॉट यांनी आयुष्यभरात जिंकलेल्या बक्षिसांचा हिशेब केला, तेव्हा वारशाचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपासच निघाला. भारी फी घेणाऱ्या स्टॅलियनची रक्तातली गुणवत्ता त्या फीच्या मानाने असतेच असं नाही, असंही त्यांना आढळलं. बाकीचं सारं ट्रेनर, जॉकी, खुराक, दुखापती, मैदानाची अवस्था आणि त्या दिवसाचा योग यांच्यात विभागलेलं. हाऊर्सच्या पठडीतले खेळ रक्ताला वास्तवापेक्षा कितीतरी अधिक वजन देतात. तो खेळाचा हक्क आहे. बुद्धिबळातला घोडा अडीच घरं चालतो म्हणून कोणी हरकत घेत नाही. पण ‘वास्तवात असंच असतं’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही, इतकं नोंदवायला हवं.

विरोधी बाजूचा मुद्दा वेगळा आहे. निकाल आधीच कळत असेल तर दुबळा घोडा उतरवणारच कोण? नवशिक्यांचे घोडे शर्यतीत नसतील तर बड्यांच्या वीस विजयांसाठी हरणारे आणायचे कुठून? पूर्ण ठरीव स्पर्धा अशी हळूहळू रिकामी होत जाते.

नशिबाच्या बाजूने

झेड रनने नेमका या ठिकाणी उलटा डाव मांडला. शर्यतीत बारा घोडे, अंतर 1000 ते 2600 मीटर. प्रत्येक शर्यतीआधी संगणक दहा हजार संभाव्य निकाल काढतो आणि त्यातला एक प्रत्यक्ष धावतो, असं कंपनीने सांगितलं होतं. घोड्याची वंशशाखा आणि जनुक-क्रमांक उघड दिसायचे. शाखा चार, बिटकॉइन आणि क्रिप्टोविश्वातल्या मंडळींच्या नावांच्या : नाकामोतो, साबो, फिनी, ब्युटेरिन. क्रमांक Z1 पासून Z268 पर्यंत, आईबापांच्या क्रमांकांची बेरीज म्हणजे शिंगराचा क्रमांक. जितका लहान आकडा तितकं रक्त शुद्ध. पण घोडा मुळात किती दमाचा आहे आणि कोणत्या अंतरावर खुलतो हे झाकलेलं. ते कळायला एकच मार्ग, पळवून पाहणं.

म्हणजे इथे शर्यत पुन्हा चाळणच झाली, फक्त चाळणारा मालक स्वतः होता आणि चाळण्याचा खर्च प्रत्येक खेपेच्या प्रवेशशुल्कात. ही रचना मला तरी चतुर वाटते. नामवंत रक्ताचं शिंगरू ढ निघू शकतं, स्वस्तातला घोडा 1200 मीटरला अचानक चमकू शकतो आणि प्रत्येक शर्यतीतून काहीतरी नवं कळतं. कामगिरीप्रमाणे घोडे वर्गांत विभागले जायचे, त्यामुळे हँडिकॅपचं कामही परस्पर व्हायचं. याच्या बाजूचे लोक म्हणतात की अनिश्चितता काढून टाकली तर शर्यत उरतच नाही. उरतं ते गुणांचं कोष्टक.

आक्षेप दोन बाजूंनी आले. एक, वर्ग पाडले की खालच्या वर्गात मुद्दाम रेंगाळायचा मोह होतो. चांगला घोडा चार शर्यती हरवून खाली आणायचा आणि मग सोप्या मैदानात मोठी बाजी मारायची. रेसकोर्सवर ‘घोडा खेचला’ अशी कुजबुज होते तोच प्रकार, फरक इतकाच की इथे स्टुअर्ड्सनी, म्हणजे रेसच्या पंचांनी, जाब विचारायला बोलवावा असा जॉकीच नाही. दुसरा आक्षेप पैशाचा. 2021 च्या भरात एका आभासी घोड्याला 1,25,000 डॉलर आल्याची आणि एक अख्खा तबेला 2,52,000 डॉलरला विकला गेल्याची बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दिली होती. रक्कम अशी असली की ‘थोडी अनिश्चितता हवी’ या वाक्याचा रंग बदलतो. फुकट खेळात हरणं म्हणजे रुखरुख. इथे ते नुकसान.

उमामुसुमेने तिसरी वाट काढली. मुलीला सुमारे तीन आभासी वर्षांच्या कारकिर्दीतून तयार करायचं. गुण पाच : वेग, दम, ताकद, जिद्द आणि अक्कल. आधी तयार केलेल्या दोघी ‘पालक’ म्हणून निवडायच्या आणि त्यांच्यामागच्या चौघी आजी-आजोबांच्या जागी, म्हणजे सहा जणींकडून वारसा येतो. चॅम्पियन्स मीटिंग या स्पर्धेत तीन खेळाडू प्रत्येकी तिघींचा चमू उतरवतात, नऊ जणींची शर्यत. वाटेत अडकणं, मोक्याच्या क्षणी कौशल्य चालणं किंवा न चालणं यांत नशीब भरपूर आहे. पण एकाच शर्यतीवर सगळं लटकत नाही. फेऱ्या अनेक असतात, त्यामुळे सरासरीने तयारीला न्याय मिळतो. शिवाय चमूतली एक जिंकली तरी तिघी जिंकल्या, म्हणून डावपेच शिरले : एकीने आघाडी घेऊन वेग ठरवायचा, दुसरीने मागे दबा धरून बसायचं. लगाम हातात न देताही खेळणाऱ्याला शर्यतीत थोडा शिरकाव मिळाला. अंतर, ऋतू आणि मैदान आधी जाहीर होत असल्याने प्रत्येक मीटिंगसाठी तयारी नव्याने करावी लागते, आणि जुनी तिजोरी बऱ्याच अंशी बिनकामाची ठरते.

खिसा आणि घड्याळ

रक्त आणि नशीब यांच्या वादात तिसरा भिडू नेहमी गप्प बसलेला असतो. हाऊर्समध्ये दोन चलनं आहेत. एक खेळात कमवायचं, दुसरं पासेस, जे मुख्यतः खऱ्या पैशाने येतात. पासेसवर ग्रीक पुराणांतल्या नावांच्या वस्तू मिळतात, त्यांतल्या काहींमुळे घोड्याची तयारी सोपी होते. वय झपाट्याने वाढवायचीही सोय आहे. ज्याच्याकडे ती सोय आहे त्याला साठ दिवस थांबावं लागत नाही. तेवढ्या काळात त्याच्या दोन-तीन पिढ्या होऊन जातात.

याचं समर्थन करणारे सांगतात की फुकट खेळाचा खर्च कोणीतरी उचललाच पाहिजे, आणि पैसा फक्त वेळ वाचवतो, घोडा अजिंक्य करत नाही. टीकाकारांचं उत्तर असं की पिढ्यांच्या खेळात वेळ हाच वेग आहे. मला टीकाकारांचं गणित पटतं. पण त्यातून पैसा हद्दपार करा असा निष्कर्ष लगेच निघत नाही. रोज दोन तास देऊ शकणारा विद्यार्थी आणि दिवसाला दहा मिनिटं मिळणारी नोकरदार बाई यांच्यात पासेसमुळे थोडी बरोबरी होते, हेही खरं. वयाने, वर्गाने, शैलीने स्पर्धा विभागणारे खेळ पुष्कळ आहेत. खर्चाने विभागणारा खेळ माझ्या पाहण्यात नाही.

न सुटलेल्या गाठी

पहिली गाठ सूत्राची. निकालाचं सूत्र उघड करावं की झाकून ठेवावं? उघड केलं की विश्वास वाढतो आणि खेळ मरतो. लोक कोष्टकं बनवतात, प्रत्येक वंशाची ‘योग्य’ जुळणी ठरते आणि सगळ्यांचे घोडे एकसारखे दिसू लागतात. झाकलं तर कुतूहल टिकतं, पण हरणाऱ्याला संशय येतो की आत काही काळंबेरं आहे. हजारो निकाल जमवून खेळणारेच आकडेमोडीने सूत्राच्या जवळ पोचतात, त्यामुळे झाकलेलं सूत्रही काही वर्षांत अर्धं उघडं पडतं, आणि ते उघडं असतं फक्त गणित येणाऱ्यांना. मधला उपाय म्हणून घोड्याच्या गुणांचं मोजमाप उघड आणि त्याची आवडनिवड झाकलेली, असं काही खेळ करून पाहतात. समाधान कोणाचंच पुरतं झालेलं नाही.

दुसरी गाठ फुगवट्याची. प्रत्येक पिढी आधीच्या पिढीहून थोडी वर जाणार असेल, तर दहा वर्षं जुन्या खेळात आज आलेल्या माणसाने कोणाशी लढायचं? त्याचं उत्तम शिंगरू जुन्यांच्या टाकाऊ घोड्यापुढे टिकत नाही. खऱ्या थरोब्रेडांत हा प्रश्न उलटा विचारला जायचा : गॅफ्नी-कनिंगहॅम यांना रक्त सुधारताना दिसत होतं, पण मोठ्या शर्यतींच्या विजयी वेळा त्या मानाने खाली येत नव्हत्या. शरीराला मर्यादा असते. आकड्यांना ती आपण घालून द्यावी लागते. वरची मर्यादा घातली की सगळे हळूहळू तिच्याजवळ येऊन थांबतात आणि पैदास संपते. मर्यादा नसली तर नव्यांसाठी दार बंद होतं. उमामुसुमेसारखं प्रत्येक वेळी मुलगी नव्याने तयार करायला लावणं हा एक तोडगा आहे, पण मग वंश जपण्याचा आनंद पातळ होतो. पिढ्यांच्या नात्यासाठीच हे खेळ खेळणाऱ्यांना तो तोडगा म्हणजे मूळ खेळच काढून घेतल्यासारखा वाटतो.

तिसरी गाठ कायद्याची, आणि ती भारतातल्या खेळणाऱ्यांना थेट लागते. 1996 मध्ये लक्ष्मणन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या रेसवर पैसे लावणं हा कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा नाही, असा निर्णय दिला होता. घोड्याचं रक्त, तयारी, जॉकी यांचा अभ्यास करून अंदाज बांधता येतो, हा त्याचा आधार. आभासी शर्यतींच्या समर्थकांना हा निर्णय सोयीचा वाटायचा. ऑगस्ट 2025 मध्ये मंजूर झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ती वाट बुजवली : पैसे किंवा पैशाच्या तोडीची वस्तू पणाला लावून काही कमावण्याच्या अपेक्षेने खेळलेला ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, त्यावर बंदी. पणाला लावायच्या वस्तूंत पैसे देऊन घेतलेली आभासी नाणी आणि टोकनंही धरली आहेत. या कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे.

झेड रनच्या पद्धतीचं प्रवेशशुल्क या व्याख्येत सरळ बसेल. हाऊर्ससारख्या खेळात पैसे भरले तरी ते करमणुकीचे, परत काही मिळण्याच्या अपेक्षेने नव्हेत, असं म्हणायला जागा आहे. अवघड आहे ती मधली पायरी : प्रवेश फुकट, बक्षीस शून्य, पण जिंकलेल्या घोडीचं शिंगरू दुसरा खेळाडू पैसे देऊन घेतो. पैदाशीच्या खेळात खरं बक्षीस मैदानावर वाटलंच जात नाही, ते अकरा महिन्यांनी जन्माला येतं. त्याला कायद्याच्या भाषेत कमाई म्हणायचं का, आणि म्हणायचं तर ती शर्यतीची की व्यापाराची, याची स्पष्ट वाट अजून कोणी आखून दिलेली नाही.